कोरडी सुई आणि दुखरी मान

मान वर्षभर दुखत असली, की माणूस बामापासून पट्ट्यापर्यंत सारे करून पाहतो. हल्ली त्यात ‘ड्राय नीडलिंग’ची भर पडली आहे. सुईत औषध नसते. स्नायूतल्या दुखऱ्या गाठीत नुसती सुई टोचायची. गुण औषधाचा नव्हे, टोचण्याचाच येतो, असे कारेल लेविट या चेक डॉक्टरांनी १९७९ मध्ये मांडले. मला हे थोतांड वाटत नाही. पण आराम बहुधा काही आठवड्यांचाच. तेवढ्यात मानेचे व्यायाम अंगवळणी पाडायचे. ते कोणाला हवेत? शिवाय खांद्यावर सुई खोल गेली, तर फुप्फुसाला छिद्र पडू शकते. (क्वचितच, पण पडते.) टोचणाऱ्याचे शिक्षण बेधडक विचारा. व्यायामाचे नाव न काढता नुसते सुयांचे पॅकेज सांगणाऱ्याच्या हाती मी तरी मान देणार नाही.