‘अंगावर काढलं’ हे यंत्राला कोण शिकवणार?

उंब्रज-मसूर भागातल्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात साठीच्या घरातली एखादी बाई येते. आधी गुडघ्याचं सांगते, मग ॲसिडिटीचं. उठता उठता, सून बाहेर गेलीय हे बघून, हळूच म्हणते, “पाळी जाऊन आठ वर्सं झाली, आता परत अंगावर जातंय. ऱ्हाईल म्हटलं, म्हणून दोन महिनं अंगावरच काढलं.”

या दोन वाक्यांत ‘अंगावर’ हा शब्द दोनदा आला आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा. पहिल्यांदा रक्तस्राव, दुसऱ्यांदा दुखण्याकडे केलेलं दुर्लक्ष. बाळाला ‘अंगावर पाजते’ म्हणणारी आई तिसरंच काही सांगत असते आणि पित्ताने ‘अंगावर उठलं’ म्हणणारा माणूस चौथं. इथल्या नर्सला किंवा आशाताईला यात काही अवघड वाटत नाही. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणं म्हणजे गर्भाशयाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग नाही ना, हे तपासलंच पाहिजे. बहुतेकींच्या बाबतीत कारण साधं निघतं, पण तपासणी चुकवता येत नाही. गुडघ्याच्या तक्रारीत हे वाक्य हरवलं तर पुढचे सहा महिनेही हरवतात.

हे आत्ताच सांगण्याचं कारण असं की डॉक्टर-रुग्ण संवाद ऐकून आपोआप केसपेपर लिहिणारी साधनं आता बाजारात आली आहेत. एका ओपीडीत दीडशे रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरला त्यांचा मोह पडणं स्वाभाविक आहे. लिहिण्यात जाणारा वेळ वाचला तर निदान रुग्णाच्या तोंडाकडे बघता तरी येईल. या साधनांच्या पोटात असतं भाषेचं मॉडेल. ते कोणी, कोणत्या भाषेवर शिकवलं, हा प्रश्न त्यामुळे संगणकवाल्यांपुरता राहिलेला नाही.

या क्षेत्रात चिप बनवणारी एक कंपनी स्वतः भाषेची मॉडेलं तयार करून फुकट वाटते आहे. एन्व्हिडिया १९९३ साली सुरू झाली, ती व्हिडिओ गेममधली चित्रं झरझर रंगवणाऱ्या चिपसाठी. एकाच वेळी हजारो छोटी गणितं करण्याचा त्या चिपचा गुण पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेला नेमका उपयोगी पडला. २०१२ मध्ये चित्रं ओळखणाऱ्या ‘ॲलेक्सनेट’ने सगळ्यांना मागे टाकलं, ते या कंपनीच्या खेळांसाठीच्या दोन चिपवर शिकून. ‘नेमोट्रॉन’ हे कंपनीच्या मॉडेलांचं कुटुंब. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत झालेल्या मेळाव्याच्या वेळी त्यातलं चार अब्ज पॅरामीटरचं छोटं हिंदी मॉडेल जाहीर झालं. ते कोणालाही उतरवून घेता येतं. टेक महिंद्राने आपलं ‘इंडस’चं पुढचं हिंदी मॉडेल त्याच्याच आधारावर केल्याचं तेव्हा सांगितलं.

कंपनी फुकट का देते, याचं उत्तर कराड तालुक्यातल्या शेतकऱ्याला सांगावं लागू नये. साखर कारखाना उसाचं बेणं आणि खत उधारीवर देतो, कारण शेवटी ऊस त्याच्याच गाळपाला यायचा असतो. मॉडेलं जितक्या जणांच्या हाती जातील तितक्या चिप लागतील. जानेवारी २०२५ अखेरच्या आर्थिक वर्षात कंपनीचं उत्पन्न १३० अब्ज डॉलरच्या वर गेलं आणि त्यातला फार मोठा वाटा डेटा सेंटरला विकलेल्या मालाचा होता. यात कपट नाही, तो धंदा आहे. बेणं चांगलं असेल तर शेतकऱ्याने ते घ्यावंच, फक्त आपल्या रानात ते उगवतं का, हे त्याने आधी बघावं.

खुल्या मॉडेलाचा दवाखान्याला खरा फायदा वेगळाच आहे. चार अब्ज पॅरामीटरचं मॉडेल आकसून ठेवलं तर दोन-तीन जीबीत मावतं आणि बऱ्यापैकी साध्या संगणकावर चालतं. पावसाळ्यात नेट गेलं तरी ते बंद पडत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या बाईचं वाक्य दवाखान्याच्या भिंतीबाहेर जात नाही. परक्या कंपनीच्या सर्व्हरवर चालणाऱ्या साधनात ते बाहेर जातं. सुनेपासून लपवलेली गोष्ट ती डॉक्टरला सांगते, ती कुठल्या डेटा सेंटरला सांगत नाही. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमती मागतो. पण ओपीडीच्या रांगेत अंगठा घेऊन मिळवलेली संमती किती खरी, हे रांगेत उभं राहिलेल्याला ठाऊक असतं.

अडचण भाषेची आहे. ते मॉडेल हिंदीचं, मराठीचं नव्हे. हिंदी आणि इंग्रजी मिळून सुमारे ४०० अब्ज टोकनांवर, म्हणजे शब्दांवर किंवा त्यांच्या तुकड्यांवर, ते शिकलं. हिंदी मजकूर पुरेना म्हणून त्यातला काही इंग्रजीवरून यंत्राकडूनच भाषांतरित करून घेतला गेला. व्याकरणासाठी आणि सामान्य ज्ञानासाठी ही युक्ती चालते. पण इंग्रजीतून भाषांतर केलेल्या मजकुरात ‘अंगावर काढलं’ येणार कुठून? इंग्रजीत ते नाहीच. आपल्याकडे अर्धांगवायूला ‘वारं गेलं’ म्हणतात. “सकाळपासनं डाव्या बाजूनं वारं गेल्यासारखं वाटतंय,” हे वाक्य पोटातल्या वायूच्या खात्यात नोंदलं गेलं तर काय होईल? मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेही सीटी स्कॅन करून, रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. उंब्रजहून कराड अठरा-वीस किलोमीटरवर आहे, म्हणजे वेळ रस्त्यावर फारसा जात नाही. वेळ जातो तो ओळखण्यात.

मराठीत काम झालेलंच नाही असं नाही. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२२ मध्ये ‘महाकॉर्पस’ खुला केला. आधीचा मजकूर धरून त्यात सुमारे ७५ कोटी टोकन आहेत आणि त्यावर ‘महाबर्ट’सारखी मॉडेलं बनली. त्या निबंधावर रविराज जोशी यांचं नाव आहे. एन्व्हिडियाच्या हिंदी मॉडेलच्या निबंधावरही तेच नाव दिसतं. मोठ्या कंपनीचं कौशल्य इथल्याच माणसांचं असू शकतं, एवढं त्यातून कळतं. पण त्या मराठी मजकुराचा मोठा भाग बातम्यांचा आहे. बातमीत मंत्री असतो, पाऊस असतो, दरोडा असतो. ‘अंगावर जाणं’ बातमीत छापलं जात नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. त्यांच्या दुखण्याची भाषा कागदावर जवळजवळ नाहीच, कारण डॉक्टर ती ऐकतो आणि केसपेपरवर इंग्रजीत लिहितो. हा दोष यंत्राच्या आधी वैद्यकाचा आहे.

ही वाक्यं आजच्या मॉडेलांना कळतात की नाही, हे तपासल्याशिवाय कोणी ठामपणे सांगू नये. विक्रेत्यानेही नाही आणि शंकेखोरानेही नाही. तपासणी अवघड नाही. रुग्णांची परवानगी घेऊन, नाव-गाव काढून, अशी चार-पाचशे वाक्यं नर्स, आशाताई आणि डॉक्टरांनी मिळून लिहून काढायची. प्रत्येकाचा वैद्यकीय अर्थ दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे नोंदवायचा आणि मग मॉडेलला विचारायचं. गुण देताना मात्र टक्केवारीवर भुलू नये. शंभरात पंच्याण्णव बरोबर आणि चुकलेल्या पाचांत पाळीनंतरचा रक्तस्राव नि ‘वारं गेलं’, तर ते साधन नापास. सर्दीच्या वाक्यात चुकलेलं चालेल.

वैद्यकीय संशोधन परिषदेने आरोग्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी २०२३ मध्ये नैतिक मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत. सुरक्षितता, जबाबदारी, माणसाची देखरेख सगळं त्यांत आहे. मराठीतली वाक्यं गोळा करण्याचं काम दिल्लीतून कोणी करून देणार नाही. साताऱ्याचं वेगळं, जतचं वेगळं, सावंतवाडीचं तर आणखीच वेगळं. खुल्या मॉडेलाची गंमत हीच की चुकलेलं वाक्य त्याला इथेच बसून शिकवता येतं, कंपनीला पत्र लिहून वाट बघत बसावं लागत नाही. त्यासाठी लागणारा संगणक जिल्ह्याच्या ठिकाणी मिळेल. वाक्यं मात्र ओपीडीतच मिळतील, तीही केसपेपरवर ‘पोस्टमेनोपॉझल ब्लीडिंग’ लिहिण्याआधी रुग्ण काय म्हणाली ते कोणी तिच्या शब्दांत टिपून ठेवलं तर.