फोर्ट स्टिकिनच्या पोटातली आग



एप्रिल महिन्यात आमच्या शाळेत बंब येतो. लालभडक, चकचकीत! तालुक्याच्या गावाहून बंबवाले काका येतात, आग कशी विझवायची ते दाखवतात आणि मग मुलांना पाइप धरू देतात. (पहिलीतल्या एकाला पाइपानेच मागे ढकललं होतं, तो अजून सांगत असतो!) यंदा चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, हा सप्ताह एप्रिलमध्येच का असतो? आग तर दिवाळीत जास्त लागते."

प्रश्न अगदी बरोबर होता. १४ एप्रिलला आपल्याला डॉ. आंबेडकर जयंतीची सुट्टी असते, म्हणून दुसरं काही लक्षात येत नाही. पण त्याच तारखेपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो, आणि त्यामागे आहे एक बोट. आज तिचीच गोष्ट.

तिचं नाव फोर्ट स्टिकिन. जन्म १९४२ सालचा, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रिन्स रुपर्ट या गावातला. दुसरं महायुद्ध चालू होतं. जर्मन पाणबुड्या ब्रिटनच्या मालबोटी भराभर बुडवत होत्या, आणि बोटी नाहीत तर धान्य नाही, तेल नाही, तोफगोळेही नाहीत. म्हणून कॅनडात एकाच साच्याच्या शेकडो बोटी बांधायला घेतल्या. ब्रिटनला द्यायच्या बोटींना जुन्या व्यापारी किल्ल्यांची नावं दिली, म्हणून ही 'फोर्ट'. दिसायला काही खास नाही. लांबी सुमारे ४२४ फूट, म्हणजे कबड्डीची दहा मैदानं एकापुढे एक ठेवा. वेग ११ नॉट, म्हणजे तासाला वीस किलोमीटर. सायकल जोरात हाणली तर तुम्हीही तिच्याबरोबर जाल! युद्धनौकांचे फोटो छापून येतात, त्यांच्यावर सिनेमे निघतात. मालबोटीचं कोण कौतुक करणार? पण युद्धाचं सगळं ओझं वाहिलं ते यांनीच.

२४ फेब्रुवारी १९४४ ला फोर्ट स्टिकिन इंग्लंडमधल्या बर्कनहेड बंदरातून निघाली. पोटात काय काय होतं? खोक्यात बांधलेली बारा स्पिटफायर लढाऊ विमानं. सुमारे १,४०० टन दारूगोळा : तोफगोळे, सुरुंग, पाणतीर. आणि एका पोलादी पेटीत सोन्याच्या विटा, एकेक साडेबारा किलोहून जड! अशी ही बोट पाणबुड्यांना चुकवत भूमध्य समुद्र आणि सुएझ कालवा पार करून ३० मार्चला कराचीला सुखरूप पोचली. म्हणजे शत्रूने तिला काहीच केलं नाही, हे लक्षात ठेवा.

कराचीला विमानं उतरली आणि बोटीत जागा झाली. युद्धकाळात रिकामी जागा ठेवणं म्हणजे पाप. मग ती भरली. कशाने? कापसाच्या ८,७०० गाठी, वंगणाचं तेल, लाकूड, गंधक, भंगार, तांदूळ, माशांचं खत. कप्तान नाइस्मिथ यांना हे मुळीच पसंत नव्हतं. दारूगोळ्याच्या शेजारी कापूस आणि तेल! पण वरून हुकूम आलेला. दोन नंबरच्या कोठारात तर खाली कापूस, वर दारूगोळा अशी रचना झाली.

इथे मला थोडं थांबू द्या, कारण कापूस हा आमच्याकडचा विषय आहे. आमच्या भागात कपाशीच पिकते. गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये एकदा गाठींना आग लागली होती. वरून पाणी मारलं, ज्वाळा गेल्या, सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा धूर! घट्ट दाबलेल्या गाठीत पाणी आतपर्यंत जातच नाही. वरून ओली, आतून निखारा. शेवटी गाठी ओढून, फोडून, एकेक विझवाव्या लागल्या. तीन दिवस वास जात नव्हता. हे तिथे मोकळ्या मैदानात. आता हीच आग बंद कोठारात, दारूगोळ्याखाली लागली तर?

१२ एप्रिलला बोट मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत, एक नंबरच्या धक्क्याला लागली. दारूगोळा असलेल्या बोटीवर लाल बावटा लावतात. तो लावलाच नव्हता. माल उतरवायला सुरुवात झाली, पण दोन दिवस होत आले तरी दारूगोळा आतच.

१४ एप्रिल, शुक्रवार. दुपारी दोनच्या सुमाराला गोदी कामगारांना दोन नंबरच्या कोठारातून धूर दिसला. कुणाची तरी विडी-सिगारेट पडली असावी, असा अंदाज. आधी दोन बंब आले, आत काय आहे ते कळल्यावर आणखी बोलावले. पाण्याचा मारा सुरू झाला. ९०० टनांपेक्षा जास्त पाणी कोठारात गेलं. पण आग नक्की कुठे आहे तेच दिसेना, धुराने सगळं भरलेलं. आणि पाणी काय करतं? पेटता कापूस तरंगत तरंगत वर सरकू लागला. वर काय होतं, ते तुम्हाला माहीत आहेच.

म्हणजे आग विझवणारं पाणीच आग दारूगोळ्याकडे नेत होतं! बोटीच्या बाजूचा पत्रा इतका तापला की आग कुठे आहे ते बाहेरून समजलं. तिथे भोक पाडायचं ठरलं, तर पत्रा कापायचं यंत्र चालेना.

धक्क्यावर अधिकारी जमले होते. कोणी म्हणालं, बोट इथेच बुडवा. कोणी म्हणालं, ओढून बाहेर समुद्रात न्या. दोन्ही मतांना कारणं होती आणि दोन्हींत अडचणीही होत्या. गोदीत बोट पुरती बुडेल इतकं पाणी नव्हतं, आणि बाहेर नेताना वाटेतच स्फोट झाला तर? प्रत्येकाचा साहेब वेगळा. 'मी सांगतो ते करा' असं म्हणण्याचा अधिकार नक्की कोणाचा, हेच ठरेना. दोन तास गेले. मला विचाराल तर ठिणगीपेक्षा हे दोन तास महाग पडले.

दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी बोट सोडण्याचा हुकूम झाला. खलाशी उतरले. बंबवाले मात्र पाणी मारतच राहिले.

४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. बोटीचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. १,७०० किलोमीटर दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर धक्क्याची नोंद झाली. जवळच 'जलपद्म' नावाची भलीमोठी आगबोट उभी होती, ती पाण्यातून उचलून धक्क्यावर फेकली गेली. पेटता कापूस आकाशातून घरांवर पडू लागला. ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा स्फोट. लोकांना वाटलं, जपानने हल्ला केला!

तेरा बोटी गेल्या. माणसं किती गेली यावर एकमत नाही. ८०० ते १,३०० असे आकडे सांगतात. सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. ५०,००० टनांहून जास्त धान्य जळालं. कप्तान नाइस्मिथ गेले. आणि बंबवाले गेले ६६. आत दारूगोळा आहे हे कळल्यावरही ते हटले नव्हते. सप्ताह १४ एप्रिललाच सुरू होतो तो त्यांच्यासाठी.

वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी हे आलं असेल, असं वाटलं ना? नाही! युद्धामुळे बातम्यांवर बंदी होती. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने १५ एप्रिललाच बातमी दिली, पण इथल्या बातमीदारांना बाहेर बातमी पाठवायची परवानगी मिळाली ती मे महिन्यात.

आणि सोनं? ते उडालं! एक वीट गोदीपासून लांब, एका पारशी गृहस्थांच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. त्यांनी ती मुकाट्याने सरकारला परत केली. पुढे १९७० नंतरही गोदीतला गाळ काढताना विटा सापडल्या. ८,००० माणसांनी सात महिने राबून गोदी साफ केली होती, तरीही! आता ती व्हिक्टोरिया गोदी भराव घालून बुजवली आहे.

आता घरी नकाशाचं पुस्तक काढा आणि प्रिन्स रुपर्ट शोधा. सोपं नाही बरं का, अलास्काच्या अगदी खाली आहे. मग बर्कनहेड, सुएझ, कराची आणि मुंबई ही ठिकाणं दोऱ्याने जोडा. आमच्या वर्गात दोरा कमी पडला. शेवटी एका मुलाने पतंगाचा मांजा आणून दिला, आणि बोटीच्या मागोमाग आम्ही मुंबईत पोचलो.

तुमच्या,
बाई