इंटरनेट इंग्रजीवाल्यांचे नाही

“सर, इंटरनेट इंग्रजीवाल्यांचं आहे ना?” नाशिकमधल्या आमच्या उर्दू शाळेत एका मुलीने विचारले. मी फळ्यावर तीन शब्द लिहिले. सर्व्हर म्हणजे मागितलेली माहिती देणारा संगणक. आयपी ॲड्रेस म्हणजे त्याचा क्रमांक. डीएनएस म्हणजे नावावरून क्रमांक शोधून देणारी वही. माहिती पोहोचते ती क्रमांकावर. नाव, अगदी इंग्रजीही, माणसाच्या सोयीसाठी. 2014 पासून देवनागरीत ‘.भारत’चा पत्ता मिळतो, तो उर्दू लिपीतही घेता येतो. आपल्यापैकी किती जणांनी घेतला? मुलांच्या हाती मोबाइल दिलाच आहे, तर हे तीन शब्दही त्यांच्या भाषेत समजावून द्या. नाहीतर ती दुसऱ्यांचेच पाहत राहतील, स्वतःचे काही मांडणार नाहीत.