सगळ्यांना बूट, आईला चप्पल

पावसाळा लागला की भिशीत, महिला मंडळात विषय निघतोच, यंदा सहल कुठे? पूर्वी उत्तर देवदर्शन किंवा धबधबा असायचं. आता आंबोलीसारख्या सदाहरित रानात दोन-तीन तास चालायलाही बायका हौसेनं नाव नोंदवतात. छानच आहे. तयारी मात्र डब्यापासून सुरू होते. धपाटे, चटणी, मुलांचे रेनकोट, यांचे बूट. स्वतःच्या पायांची आठवण आदल्या रात्री होते आणि उत्तर ठरलेलं असतं, ‘मला काय, चप्पल चालते.’

नाही चालत, मैत्रिणींनो. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दगडांवर शेवाळ, वाटेवर कुजलेला पाला. चप्पल चिखलात रुतून बसते, पाय तेवढा पुढे जातो आणि घोटा मुरगळतो. उघड्या पायाला काटा लागला, कातडी सोलली, तर साचलेल्या पाण्यातून लेप्टोची लागण होऊ शकते. कोकणात हा आजार नवा नाही. शिवाय पाल्यात साप असतात. म्हणून बूट हवा, तोही घोटा झाकणारा.

महागडाच हवा असं नाही. तळ मऊ रबराचा आणि खोल खाचांचा असावा. कडक प्लॅस्टिकचा तळ ओल्या दगडावर साबणासारखा सरकतो. ‘वॉटरप्रूफ’ शब्दाला भुलू नका. ओढ्यात पाय बुडाला की पाणी वरून आत शिरतं आणि मग बाहेर पडत नाही. त्यापेक्षा पाणी निथळून जाणारा कॅनव्हासचा बूट बरा. आपल्या गावच्या दुकानात बायकांसाठी असतात त्या नक्षीच्या सँडल. तेव्हा सरळ मुलांच्या विभागात जाऊन आपल्या मापाचा बूट मागा, लाजायचं कारण नाही. संध्याकाळी जा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजे घालूनच माप बघा आणि पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा, कारण उतरताना बोटं पुढे आपटतात. नखं कापलेली असावीत हेही त्यासाठीच. नवे बूट आठ-पंधरा दिवस घरात, बाजारात वापरून घ्या. माळ्यावरचे जुने काढणार असाल तर आधी तळ ओढून बघा, त्याचा डिंक सुटलेला असतो.

आता कपडे. रानात भिजायचंच आहे, तेव्हा काय लवकर वाळेल एवढंच बघायचं. सुती कपडा पाणी धरून बसतो, अंगाला चिकटतो, मांड्या सोलवटतात आणि घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात हुडहुडी भरते. जीन्स तर भिजली की पायाला धोंडा बांधल्यासारखी. सिंथेटिक ट्रॅक पँट, वर पूर्ण बाह्यांचा सैलसर शर्ट किंवा आखूड कुर्ता, हे उत्तम. ओढणी घरी ठेवा, फांदीत अडकते. छत्रीही नको. भात लावणाऱ्या बायका लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, पाठीवर इरलं घेऊन दिवसभर चिखलात वावरतात. हातपाय मोकळे राहतात, आपल्यालाही तेच साधायचं आहे. आतल्या कपड्यांचा एक कोरडा जोड मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाच.

पँटचे पाय मोज्यांत खोचा. दिसायला गबाळं दिसतं, दिसू दे. जळवा तिथूनच चढतात. त्यांचा चावा दुखत नाही, पण रक्त लवकर गोठत नाही म्हणून घाबरायला होतं. ओढून काढू नका, नखानं हळूच सरकवा. पावसानंतर, हिवाळा-उन्हाळ्यात रानात जाणाऱ्यांनी गोचिडांसाठी हीच काळजी घ्यावी. 2016 मध्ये दोडामार्ग भागात माकडताप पसरला, तो गोचिडांमुळेच.

हे सगळं पटतं, पण अडतं घरात. ‘या वयात पँट?’ किंवा ‘एका दिवसासाठी बूट कशाला?’ मुलाच्या खेळाच्या बुटांना हा प्रश्न कुणी विचारत नाही. प्रत्येकीनं एकटीनं घरात वाद घालावा, अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही. म्हणून मंडळाच्या अध्यक्ष-सचिवांना एक विनंती आहे. सहलीच्या पत्रकात वेळ आणि वर्गणी लिहिता, त्याच्याच खाली ‘बूट व पँट आवश्यक, चप्पल-साडीत प्रवेश नाही’ असं ठळक छापा. मग घरी परवानगी मागावी लागत नाही. ‘मंडळाचा नियम आहे’ म्हटलं की झालं.