पूड आमची, प्रेस कुणाची?

निकेल ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची पूड पोलादी गोळ्यांसह जारमध्ये भरायची, आर्गॉन सोडायचा आणि बॉल मिल फिरवत ठेवायची. काही तासांनी जार अचानक तापतो. आत ॲल्युमिनियमने निकेलचा ऑक्सिजन ओढून घेतलेला असतो. हाती येतं निकेल ॲल्युमिनाइड आणि त्यातच विखुरलेले ॲल्युमिनाचे, म्हणजे सिरॅमिकचे, बारीक कण. सिरॅमिक वेगळं मिसळावंच लागत नाही.

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत माझा धातूच्या पुडींचा छोटा कारखाना आहे. निकेल १,४५५ अंशांना वितळतं, निकेल ॲल्युमिनाइड जवळजवळ १,६४० अंशांपर्यंत टिकतं. वजनाला ते निकेलच्या दोन तृतीयांशच. खोड एकच, थंड असताना ते ठिसूळ असतं. रचना नॅनो आकाराची राखली तर ही खोड कमी होईल, अशी आशा आहे. त्याच कुळातल्या टायटॅनियम ॲल्युमिनाइडची पाती बोइंग ७८७च्या जीईएनएक्स इंजिनात फिरतात.

छोट्या कारखानदाराला हे झेपणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी आमची मिल पाहावी. गोळ्यांचं लोखंड पुडीत किती उतरतं, हे आम्हाला कळतं. जार घाईने उघडला तर पूड पेटते, हेही नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगतो.

घोडं अडतं ते पुडीचा घट्ट तुकडा बनवणाऱ्या हॉट प्रेसपाशी. ग्रॅफाइटच्या डायमध्ये, निर्वात भट्टीत, हजाराहून अधिक अंशांवर, चौरस सेंटिमीटरला ३०० ते ५०० किलो दाब द्यायचा. जास्त वेळ ठेवलं तर कण फुगतात आणि नॅनोची मेहनत वाया जाते. लवकर काढलं तर छिद्रं राहतात. नेमकी वेळ चाचण्या घेऊनच सापडते. अशी प्रेस आमच्याकडे नाही, आणि प्रयोगशाळेतल्या प्रेसची तारीख मिळेपर्यंत पार्टी दुसरीकडे गेलेली असते.

नौदलासाठी काम करणारी डीआरडीओची पदार्थ संशोधन प्रयोगशाळा अंबरनाथमध्येच आहे. पण संरक्षणाच्या संस्थेचं दार जॉबवर्कसाठी उघडं नसतं, आणि ते योग्यच आहे. सामाईक सुविधा केंद्रासाठी केंद्र सरकारची क्लस्टर योजना अनुदान देते. सांडपाण्यासाठी इथले कारखाने सामाईक प्रक्रिया केंद्र चालवू शकतात, तर सामाईक हॉट प्रेस का नाही?

कारखानदारांच्या संघटनेने यासाठी पुढाकार घ्यावा, एमआयडीसीने भूखंड द्यावा आणि प्रेसवर एक पगारी धातुतज्ज्ञ नेमावा. भाडं भरायला माझ्यासारखे कारखानदार तयार आहेत.