मसुद्यातील सर्वनाम

इंग्रजी दस्तऐवजांचे मसुदे करणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंची – आणि भगिनींचीही. हा खुलासा करावा लागतो यातच प्रस्तुत विषय आला – अशी एक जुनी समजूत आहे की, आरंभी 'पुल्लिंगात स्त्रीलिंगाचा अंतर्भाव समजावा' एवढे कलम घातले म्हणजे, लिहून देणार विधवा असो वा कुमारिका, जुन्या नमुन्यातील 'हिज एअर्स, एक्झिक्युटर्स अँड असाइन्स' हा मजकूर जसाच्या तसा उतरवण्यास हरकत नाही.

या अंतर्भावाचा इतिहास मात्र भरवशाचा नाही. ब्रिटिश पार्लमेंटने १८५० साली हाच नियम केला. पण त्याच्या आधारे मँचेस्टरच्या स्त्रियांनी मताधिकार मागितला तेव्हा, १८६८ मध्ये, मतदार कायद्यातील 'मॅन' शब्दात स्त्री येत नाही, असा निवाडा झाला. दंड भरताना येणारी स्त्री हक्क मागताना वगळली गेली. आपल्याकडील १८९७च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचे १३वे कलमही, विषय वा संदर्भ विरुद्ध नसेल तरच, लागू होते. हे कलम असूनही १९१६ साली कलकत्त्याच्या आणि १९२१ साली पाटण्याच्या उच्च न्यायालयाने वकिलीची सनद मागणाऱ्या स्त्रियांना विन्मुख पाठवले, आणि नाशिकला जन्मलेल्या, डेक्कन कॉलेजात शिकलेल्या व १८९२ मध्येच ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिलेल्या कॉर्नेलिया सोराबजींसारखीलाही कायद्याने वाट मोकळी होण्यास १९२३ साल उजाडावे लागले.

२०२३च्या भारतीय न्याय संहितेत 'ही'च्या कक्षेत तृतीयपंथीयही आले, आणि त्याच वर्षीच्या डिजिटल विदा संरक्षण कायद्याने सर्वांसाठी 'शी' योजले. दुसरा प्रकार आम्हांला सुखावतो खरा. तथापि युक्ती जुनीच, केवळ उलट फिरवलेली.

आमच्या मते सर्वनाम बदलण्यापेक्षा ते टाळावे. ओळीओळीला 'ही ऑर शी'ची ठिगळे लावलेला मसुदा वाचवत नाही. 'द लायसेन्सी शॅल पे हिज ड्यूज' यातील 'हिज ड्यूज'च्या जागी 'ऑल ड्यूज अंडर धिस डीड' लिहिले, तर लिंगाचा प्रश्न मिटतोच, शिवाय देणे कोणते हेही ठरते. 'इफ द व्हेंडर नोटिफाइज द पर्चेसर, ही शॅल व्हेकेट' यातील 'ही' नेमका कोण, यावर वर्षानुवर्षे दावा चालू शकेल; तेथे नामाची द्विरुक्ती हाच उपाय. पदनामांचे काम सोपे आहे: २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेने 'वर्कमन'ऐवजी 'वर्कर' स्वीकारला, आणि 'चेअरपर्सन' आता रुळला आहे. मात्र मूळ कायद्यातच जे पदनाम आहे, उदाहरणार्थ संविधानातील राज्यसभेचा 'चेअरमन', ते मसुदाकाराने स्वतःच्या अखत्यारीत बदलू नये. ती दुरुस्ती संसदेची.