दोष कोणाचा, दंड कोणास?

सन १९५६ च्या कायद्यानें वेश्याव्यवसाय स्वतः गुन्हा ठरविलेला नाहीं. कुंटणखाना चालविणें व स्त्रीच्या कमाईवर जगणें हे गुन्हे होत. तथापि धाडींत बहुधा सांपडते ती स्त्रीच, गिऱ्हाईक निसटतें. मग पोलिसांच्या भयानें ती दवाखाना टाळते, आणि गिऱ्हाइकाबरोबर रोग सभ्य घरांत शिरतो. उलट सांगलीस या स्त्रियांनीं १९९६ सालीं वेश्या अन्याय मुक्ति परिषद स्थापून निरोधाचा प्रसार स्वतः चालविला. स्वेच्छेनें हा व्यवसाय करणाऱ्या सज्ञान स्त्रीस अटक वा छळ करूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें ता. १९ मे २०२२ रोजीं बजाविलें. यावलच्या व्यापारी बंधूंस आम्ही विचारतों: जिचा रुपया पेठेंत चालतो, तिला शिधापत्रिका देतांनाच आमची नीति जागी व्हावी काय?